विंडोजशेजारी लिनक्स मिंट : आधी काय आवरायचं, मग काय टाकायचं

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. असे धडधाकट पण ‘जुने’ ठरलेले लॅपटॉप जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कॉलेजच्या पोरांकडे आणि घरून काम करणाऱ्या प्रोग्रामरकडे पडून आहेत. त्यांच्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम उत्तम चालते. प्रत्यक्ष टाकायला अर्धा तास पुरतो. डेटा गेला, विंडोज उघडेना, डिस्कच दिसेना, या तक्रारींचं मूळ मात्र बहुतेक वेळा त्या अर्ध्या तासात नसतं. ते आधीच्या तयारीत असतं : काहीतरी राहून गेलेलं असतं, नाहीतर उलट्या क्रमाने केलेलं असतं. म्हणून या लेखाचा अर्धा भाग विंडोजमध्येच जाणार आहे.

पुढचं सगळं लिनक्सच्या ‘मिंट’ या प्रकाराची २२ मालिका धरून लिहिलं आहे. ती उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ८ जीबी असेल तर सिनॅमन. टर्मिनलच्या (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतल्या) आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे रोमन वापरायचे.

## हाताशी काय हवं

- ८ जीबीचा पेनड्राइव्ह, पूर्ण रिकामा करता येईल असा.
- बॅकअपसाठी वेगळी बाहेरची हार्ड डिस्क.
- अँड्रॉइड फोन आणि त्याची डेटा केबल. नुसत्या चार्जिंगच्या केबलने इंटरनेट येत नाही. फोन विंडोजला जोडून फोटो दिसतात का ते आत्ताच बघून घ्या.
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड. पिन नव्हे, पासवर्ड.
- कागद आणि पेन.

लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी २४०-२५६ जीबीचा एसएसडी बसवायचा विचार करा. रॅम वाढवण्यापेक्षा त्याचा फरक जास्त जाणवतो. नुसती जुनी डिस्क ठेवून लिनक्स टाकलं की ‘लिनक्सही हळूच चालतं’ असं म्हणायची वेळ येते, आणि दोष जातो लिनक्सकडे.

## १. वेळ आणि वीज

पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तुकडा, लहान होत असताना वीज गेली तर फाइल सिस्टिम अर्धवट राहते. लॅपटॉपची बॅटरी किमान ५० टक्के भरलेली हवी आणि चार्जर लावलेला हवा. बॅटरी अर्ध्या तासात संपत असेल तर तो लॅपटॉप डेस्कटॉपच समजा आणि इन्व्हर्टरवर लावा.

इन्व्हर्टरबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. घरगुती इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असं बटण असतं. नॉर्मलवर असेल तर वीज जाण्या-येण्याच्या क्षणी पंख्याला काही कळत नाही, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर करा. खेड्यात असाल तर गावठाण फीडरचं त्या आठवड्याचं वेळापत्रक विचारून घ्या आणि वीज जायच्या तासाला काम काढू नका.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. इन्स्टॉल आणि पहिली अपडेट, दोन्ही वेळा प्रोसेसर आणि डिस्क भरपूर राबतात. जाळीत धूळ किंवा जिनिंगच्या बाजूचा कापसाचा तंतू अडकलेला जुना लॅपटॉप दुपारी मध्येच बंद पडू शकतो. पंखा साफ करून घ्या, लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा आणि उन्हाळ्यात हे काम सकाळी उरका.

## २. डेटा बाहेर काढा

‘सगळं डी ड्राइव्हमध्ये टाकलंय’ याला बॅकअप म्हणत नाहीत. सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात. इन्स्टॉलरमध्ये एक चुकीचं बटण दाबलं गेलं की दोन्ही एकदम जातात. डेटा बाहेरच्या डिस्कवरच घ्या.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स तर सगळेच घेतात. राहतं ते हे : ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, टॅलीचं डेटा फोल्डर, एसएसएचच्या किल्ल्या, गिटवर अजून न पाठवलेलं काम, लोकल डेटाबेस. डेटाबेसची फाइल थेट उचलू नका. त्याची डंप फाइल काढा.

तपासा : बाहेरच्या डिस्कवरच्या दोन-चार फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. त्यानंतर ती डिस्क काढून कपाटात ठेवा. इन्स्टॉल करताना ती जोडलेली नसावी.

## ३. बिटलॉकर बंद करा

गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपवर विंडोज होम असलं तरी डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद करणं, आपोआप चालू असू शकतं, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. ते चालू असताना बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय, किंवा डिस्कचा मोड बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. की नसेल तर डेटा मिळत नाही. दुकानदारही तो काढून देऊ शकत नाही.

सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असं शोधा. विंडोज प्रो असेल तर ‘मॅनेज बिटलॉकर’ शोधा. आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ अंकी की कागदावर उतरवा, मग एन्क्रिप्शन बंद करा. बंद केल्या केल्या काम संपत नाही. पूर्ण डिस्क उलगडायला तासभरही लागू शकतो.

सावध : ‘डिक्रिप्टिंग’ दिसत असताना पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## ४. फास्ट स्टार्टअप बंद करा

हे चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं. मग लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडायला गेलात तर तो उघडतच नाही, किंवा फक्त वाचता येतो आणि त्यात लिहिता येत नाही. जबरदस्तीने लिहिलंच तर पुढच्या वेळी विंडोज जुनी स्थिती उठवतं आणि फाइली बिघडतात.

कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ या वाटेने जा. वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबल्याशिवाय खालचे चौकोन हलत नाहीत, आणि बरेच जण इथेच ‘होत नाही’ म्हणून सोडून देतात. फास्ट स्टार्टअपची खूण काढा आणि सेव्ह करा.

## ५. जागा विंडोजमधूनच काढा

लिनक्सचा इन्स्टॉलरही पार्टिशन लहान करू शकतो, पण विंडोजचं पार्टिशन विंडोजनेच लहान केलेलं चांगलं. डिस्क मॅनेजमेंट उघडा. डी मोठा आणि रिकामा असेल तर डीमधून जागा घ्या, नाहीतर सीमधून. उजवं क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो : १०० जीबी हवे असतील तर १०२४००. प्रोग्रामिंगसाठी ८० ते १०० जीबी बरे, ४०च्या खाली जाऊ नका. विंडोजच्या पार्टिशनवर पाचवा हिस्सा तरी रिकामा राहू द्या.

डिस्कवर १५० जीबी रिकामे दिसतात, पण श्रिंक १० जीबीच देतो म्हणतं, हे नेहमी घडतं. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि सिस्टिम रीस्टोअरच्या न हलणाऱ्या फाइली मध्ये बसलेल्या असतात. तिन्ही तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा, परत श्रिंक करा. काम झाल्यावर पेजफाइल आणि रीस्टोअर पुन्हा चालू करा.

मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीची ‘अनअलोकेटेड’ दिसली पाहिजे. ती तशीच सोडा.

सावध : त्या जागेवर ‘न्यू सिम्पल व्हॉल्यूम’ करू नका. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन बसतात. पाचवं करायला गेलात की विंडोज ‘डिस्क डायनॅमिक करू का’ असं विचारतं. तिथे ‘येस’ दाबलं की त्या डिस्कवर लिनक्स टाकण्याची वाट अवघड होऊन बसते.

आता कागदावर प्रत्येक पार्टिशनचा आकार लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे. लिनक्सला सी, डी ही नावं ठाऊक नसतात. तिथे ‘एसडीए३’ किंवा ‘एनव्हीएमई०एन१पी४’ असं काहीतरी दिसेल आणि ओळख पटवायला आकारच कामाला येईल.

तपासा : विंडोज दोनदा रीस्टार्ट करा. सगळं नीट उघडतं का, डी दिसतो का ते बघा. शोधमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’समोर यूईएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी), तेही कागदावर लिहा. लिनक्स त्याच मोडमध्ये टाकायचं आहे.

## ६. मिंट उतरवणं आणि पेनड्राइव्ह

मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलसाठीची एकच मोठी फाइल, ३ जीबीच्या आसपास आहे. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ती एका दिवसात बसत नाही. मध्ये वेग मंदावतो, ब्राउझरचं डाउनलोड तुटतं, आणि कधी कधी अर्धवट फाइल ‘पूर्ण’ म्हणून पडून राहते. म्हणून मिंटच्या अधिकृत साइटवरची टॉरंट फाइल घ्या. टॉरंट दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू होतं आणि प्रत्येक तुकडा स्वतः तपासतं.

थेट डाउनलोड केलं असेल तर तपासणी तुमच्याकडे. सेव्हन-झिप टाका, आयएसओवर उजवं क्लिक करा आणि सीआरसी-एसएचएच्या यादीतून एसएचए-२५६ निवडा. आलेली लांबलचक ओळ साइटवरच्या ओळीशी जुळवा. एक अक्षर वेगळं असलं तरी फाइल टाकून द्या.

मित्राच्या पेनड्राइव्हवर दोन वर्षांपूर्वीचं मिंट पडलेलं आहे म्हणून तेच वापरू नका. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने जुने बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम) नाकारायला सुरुवात केली, आणि सिक्युअर बूट चालू असलेल्या कित्येक मशीनवर ‘एसबीएटी’चा उल्लेख असलेला संदेश देऊन जुने पेनड्राइव्ह उघडेनासे झाले. ताजी आयएसओ घेतली की बहुतेक वेळा हा त्रास टळतो.

पेनड्राइव्हवर लिहायला बलेना एचर वापरा. तीन बटणांचं काम आहे. लिहून झाल्यावर विंडोज हमखास म्हणतं, ‘ही डिस्क फॉरमॅट करायला हवी’. कॅन्सल करा. इथे फॉरमॅट दाबून पेनड्राइव्ह पुन्हा कोरा करणारे लोक थोडेथोडके नाहीत. नुसती आयएसओ कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकली तर तो बूट होत नाही, हेही सांगून ठेवतो.

## ७. बायोस आणि बूट मेन्यू

मशीन चालू करताच बूट मेन्यूचं बटण सारखं टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९ किंवा आधी एस्केप, आसूसवर एस्केप. एसरवर एफ१२च, पण बायोसमध्ये ‘एफ१२ बूट मेन्यू’ आधी चालू करावा लागतो. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा यूईएफआय लिहिलेला आणि एकदा तसाच, तर कागदावरच्या मोडप्रमाणे निवडा. विंडोज यूईएफआयमध्ये आणि लिनक्स लेगसीमध्ये गेलं की दोन्ही टिकतात, पण एका मेन्यूतून दोन्ही उघडत नाहीत.

सिक्युअर बूट मिंटसाठी बंद करण्याची सहसा गरज नसते.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं, पण आतली डिस्क दिसतच नाही, असं झालं तर बायोसमध्ये डिस्कचा मोड ‘रेड’ (आरएआयडी) किंवा इंटेल आरएसटी आहे का ते बघा. तो एएचसीआय करायचा, पण सरळ बदललात तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं. क्रम असा :

१. विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर खूण करा.
२. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा आणि मोड एएचसीआय करा.
३. विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्या. इथे पिन चालेलच असं नाही. पासवर्ड पाठ हवा तो यासाठी.
४. सेफ बूटची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा.

बिटलॉकर आधी का बंद करायला लावलं ते इथे समजतं. तो चालू असता तर दुसऱ्या पायरीनंतर ४८ अंकी की मागितली असती.

## ८. टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा

‘इन्स्टॉल’चं चिन्ह समोर दिसलं की हात तिकडेच जातो. थांबा. पेनड्राइव्हवरून चालणारं मिंट म्हणजे तुमच्या मशीनची फुकटातली तपासणी आहे. वायफाय, आवाज, उजेड कमी-जास्त करायची बटणं, टचपॅड, कॅमेरा, झाकण लावून उघडल्यावर जागं होणं, हे सगळं बघा. पडदा काळाच राहिला तर सुरुवातीच्या मेन्यूतून ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडा. एनव्हीडियाच्या कार्डांवर असं होतं.

वायफाय दिसत नसेल तर घाबरू नका. ब्रॉडकॉमच्या आणि काही रिअलटेक चिपांना ड्रायव्हर नंतर टाकावा लागतो. फोन डेटा केबलने जोडा, फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला ते वायरचं इंटरनेट वाटतं, कसलाही ड्रायव्हर लागत नाही.

शेवटी ‘डिस्क्स’ उघडा आणि डिस्कच्या मेन्यूतून ‘स्मार्ट’ डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, बघा. ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरसमोर वाढते आकडे असतील तर डिस्क मरायला टेकली आहे. त्यावर काहीच टाकू नका, नवी घ्या.

## ९. इन्स्टॉल

भाषा इंग्रजी ठेवा. मराठीबद्दल आकस नाही, पण मराठी निवडली की तुमच्या होममधले (वापरकर्त्याच्या फाइलींच्या जागेतले) फोल्डरही ‘डाउनलोड’, ‘दस्तऐवज’ अशा देवनागरी नावांचे बनतात आणि टर्मिनलमध्ये रोज त्यांच्याशी झटापट होते. शिवाय चूक दाखवणारा संदेश इंग्रजीत असेल तर उत्तर शोधायला सोपं जातं. कीबोर्डही इंग्रजी यूएसच ठेवा. देवनागरी निवडून पासवर्ड टाइप केला तर पुढे लॉगिनच्या पडद्यावर अडकाल.

‘मल्टिमीडिया कोडेक्स’वर खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक पासवर्ड मागतात. साधा आठ अक्षरी द्या आणि कागदावर लिहा, पुढच्या बूटला तो लागणार आहे.

आता मुख्य पडदा. ‘इरेज डिस्क’ म्हणजे विंडोज, डी, सगळं साफ. त्याला हात लावू नका. ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ चालतं, पण काय कुठे जाणार ते नीट दिसत नाही. ‘समथिंग एल्स’ घ्या :

१. यादीत ‘फ्री स्पेस’ शोधा. आकार कागदावरच्या आकड्याशी जुळवा.
२. अधिक चिन्ह दाबा. ५० जीबी, प्रकार एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम), माउंट पॉइंट नुसती तिरपी रेघ.
३. उरलेल्या जागेवर दुसरं : एक्स्ट४, माउंट पॉइंट तिरपी रेघ आणि तिला लागून ‘होम’. वेगळं होम ठेवलं की पुढे मिंट पुन्हा टाकताना फाइली जागच्या जागी राहतात. एकूण जागा ६० जीबीपेक्षा कमी असेल तर वेगळं करू नका, दोन्हीकडे अडचण होईल.
४. यूईएफआय मशीनवर आधीचं १०० ते ३०० एमबीचं ईएफआय पार्टिशन दिसेल. त्याला फक्त वापरायचं. ‘फॉरमॅट’ची खूण त्यासमोर नसावी, कारण विंडोजचा बूटलोडर तिथेच आहे.
५. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळा करू नका, मिंट स्वॅपफाइल स्वतः बनवतं.

तपासा : ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर कोणती पार्टिशनं फॉरमॅट होणार त्याची यादी येते. तिथे फक्त तुम्ही केलेली एक्स्ट४ हवीत. एनटीएफएस (विंडोजची पार्टिशनं) किंवा ईएफआयचं नाव दिसलं तर ‘गो बॅक’. या पडद्यापर्यंत डिस्कवर काहीही लिहिलेलं नसतं.

वेळेसाठी नकाशावर कोलकाता निवडा. वापरकर्त्याचं नाव लहान रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येऊ शकतो : ‘परफॉर्म मॉक मॅनेजमेंट’. काही सेकंदच थांबतो. ‘एन्रोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मग कागदावरचा पासवर्ड. हा पडदा हुकला तर बाहेरचे ड्रायव्हर चालत नाहीत, आणि वायफायचा ड्रायव्हर टाकूनही वायफाय का येत नाही हे शोधण्यात दिवस जातो.

## १०. पहिल्या तासातली कामं, याच क्रमाने

आधी टाइमशिफ्ट. आरएसिंक प्रकार निवडून सिस्टिमच्या आत्ताच्या स्थितीची प्रत, म्हणजे पहिला स्नॅपशॉट, घ्या. एनव्हीडियाचा ड्रायव्हर टाकून पडदा काळा झाला तर मागे येता येतं. टाइमशिफ्ट सिस्टिमच्या फाइली जपतं, तुमच्या होममधल्या नाही. त्याला डेटाचा बॅकअप समजू नका.

मग ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’मध्ये जवळचा आणि वेगवान मिरर (अपडेट जिथून उतरतात तो सर्व्हर) निवडा. मग अपडेट मॅनेजर. पहिली अपडेट जीबीच्या घरात जाऊ शकते, त्यामुळे मोबाइल पॅक असेल तर वायफाय मिळेपर्यंत थांबा. त्यानंतर ड्रायव्हर मॅनेजर, आणि त्यात ‘रेकमेंडेड’ लिहिलेलाच ड्रायव्हर.

घड्याळाचा घोळ इथेच मिटवा. लिनक्स मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज स्थानिक वेळेवर. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे. बॅटरीचा सेल बदलून उपयोग नाही. टर्मिनलमध्ये एकदाच ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा द्या.

## ११. मराठी टायपिंग

कीबोर्ड सेटिंग्ज, लेआउट्स, अधिक चिन्ह, आणि ‘मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’. ऑप्शन्समध्ये लेआउट बदलण्याचं बटण ठरवा. ऑल्ट-शिफ्ट बहुतेकांच्या हाताला बसलेलं असतं, पण कोड एडिटरच्या शॉर्टकटशी ते भांडतं. सुपर-स्पेस बरं.

इनस्क्रिप्टमध्ये ‘ळ’ म्हणजे शिफ्ट-एन. ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्यासाठी शिफ्ट-जे, मग डी, मग ‘य’ हे अक्षर. साधा र घेऊन केलं की ‘दुसर्या’ होतं, आणि अर्जात तसंच छापून जातं. रोमन अक्षरांवरून मराठी उमटवायची सवय असेल तर ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज टाका, लॉगआउट करून परत या, मग मराठीची फोनेटिक किंवा आयट्रान्स पद्धत जोडा. लॉगआउट न करता ‘दिसत नाही’ म्हणणं ही इथली नेहमीची चूक.

लिब्रेऑफिसमध्ये फॉन्टचा आकार बदलला, पण मराठी मजकूर हलत नाही? कारण देवनागरीची सेटिंग वेगळी असते. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून मराठी निवडा, मग फॉन्टच्या खिडकीत देवनागरीचा वेगळा भाग दिसतो. मराठी शब्दतपासणी टाकली असेल तर अहिराणी मजकुराखाली लाल रेषांचा पाऊस पडेल. टायपिंग चुकलेलं नसतं. अहिराणी देवनागरीतच असल्याने कीबोर्ड वेगळा लागत नाही, शब्दकोश मात्र मराठीचा आहे.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, डीव्हीबी या जुन्या फॉन्टांतल्या फाइली युनिकोडमध्ये नसतात. तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फॉन्ट टाकून वाचता येतात. संपादन करायचं असेल तर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

## १२. कोड लिहिणाऱ्यांसाठी

प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर ठेवून दोन्हीकडून वापरू, हा विचार सोडा. एनटीएफएसवर लिनक्सच्या परवानग्या नीट बसत नाहीत आणि नोडचे प्रोजेक्ट रखडतात. कोड होममध्ये ठेवा, देवाणघेवाण गिटने करा.

विंडोजवर चाललेला प्रोजेक्ट इथे ‘फाइल सापडत नाही’ म्हणतो, तेव्हा नावातलं लहान-मोठं अक्षर बघा. लिनक्सला ते दोन वेगळे शब्द आहेत. शेल स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत असेल तर ओळींचा शेवट विंडोज पद्धतीचा राहिला आहे. एडिटरच्या खालच्या पट्टीवर सीआरएलएफचं एलएफ करा.

पायथनमध्ये पिप चालवताच ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ असा नकार येतो. हा बिघाड नाही. सिस्टिमचं पायथन मिंटची स्वतःची साधनंही वापरतात, म्हणून ते बंद ठेवलेलं आहे. पायथनचं व्हेन्व्ह पॅकेज टाका आणि प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं वातावरण बनवा. ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असा पर्याय वापरायचा सल्ला कुठे वाचलात तर त्याचं नावच पुरेसं बोलकं आहे.

पॉलिटेक्निकच्या मुलांना आर्डुइनोवर ‘परमिशन डिनाइड’ येतं. सुडो (व्यवस्थापकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून एडिटर चालवू नका. ‘यूजर्स अँड ग्रुप्स’मध्ये स्वतःला ‘डायलआउट’ गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. हेच टर्मिनलमधून करताना ‘यूजरमॉड’ला मोठ्या जीसोबत लहान ए द्यायला विसरलात तर बाकीच्या सगळ्या गटांतून तुमचं नाव जातं, सुडोमधूनही.

## १३. प्रिंटर, टॅली, डिजिटल सही

एचपी लेझरजेट १०२०ला एचपीलिपचं वेगळं प्लगइन लागतं. प्रिंटर यादीत दिसतो, काम पाठवलं जातं, कागद येत नाही, हे त्याचं लक्षण. इंटरनेट जोडून एचपीलिपमधून प्लगइन उतरवा. कॅनन एलबीपी २९००चा ड्रायव्हर लिनक्सवर त्रासदायक आहे. त्यावर रोजचं छापणं अवलंबून असेल तर छपाई विंडोजमधून करा. टॅली आणि डिजिटल सहीचे टोकनही विंडोजकडेच राहू द्या. शेजारी विंडोज ठेवलंय ते यासाठीच.

## १४. मेन्यू गायब झाला, किंवा लिनक्स काढायचं आहे

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर, विंडोज की लिनक्स असं विचारणारा सुरुवातीचा मेन्यू न दाखवता मशीन सरळ विंडोजमध्ये जायला लागलं तर लिनक्स पुसलं गेलेलं नसतं, बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसच्या यादीत ‘उबंटू’ नाव शोधून वर आणा. मिंट तिथे उबंटू नावानेच नोंदवलेलं असतं. ‘मिंट’ शोधत बसाल तर सापडणार नाही.

काढायचं असेल तर पार्टिशनं आधी पुसू नका. तसं केलं की पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ येतं. यूईएफआय मशीनवर आधी बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणा आणि विंडोज थेट उघडतं याची खात्री करा. मग डिस्क मॅनेजमेंटमधून नाव नसलेली लिनक्सची पार्टिशनं आकारावरून ओळखून काढा, ईएफआयला हात न लावता. लेगसी मशीनवर विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हने बूट रेकॉर्ड आधी दुरुस्त करावा लागतो, म्हणून तो आधीच बनवून ठेवा. मोकळी जागा शेजारच्या, तिच्या लगेच डावीकडच्या पार्टिशनलाच जोडता येते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आलं असेल तर ‘एक्स्टेंड’ फिकट दिसेल. बायोसच्या यादीत ‘उबंटू’ ही नोंद नंतरही राहिली तर राहू द्या, तिचा काही त्रास नाही.